एक कागद, दोन पत्ते

कोल्हापूर, शिरोली नाका. कट्ट्यावर उद्योजक संघटनेच्या निवेदनाचा मसुदा पसरलेला. मागण्या २८ आणि वर 'प्रति : मा. मुख्यमंत्री, मा. केंद्रीय अर्थमंत्री'.

"इथंच गंडलंय," सीए म्हणाला. "दोघांनाही वाटणार, हे दुसऱ्याचं काम."

फाउंड्रीवाल्याला पहिली मागणी विजेचीच हवी होती. "इंडक्शन भट्टीत टनाला साधारण ६०० युनिट जातात. महिन्याला २०० टन वितळवणाऱ्याला युनिटमागं रुपया वाढला की गेले १ लाख २० हजार. मुख्यमंत्र्यांनी दर कमी करावेत."

"ते करूच शकत नाहीत," वकील म्हणाला. "दर वीज नियामक आयोग ठरवतो. तिथं सुनावणीत आकडे घालून लेखी हरकत द्यायची, निवेदन नव्हे. सरकारच्या हातात दोनच गोष्टी. वीज शुल्क, म्हणजे बिलावरचा राज्याचा कर, कमी करणं, नाहीतर वीज कायदा २००३ च्या कलम ६५ नुसार अनुदानाची रक्कम आगाऊ भरून सवलत देणं. म्हणून 'दर कमी करा' खोड आणि 'शुल्क अमुक टक्क्यांनी कमी करा, तिजोरीवर बोजा इतका' असं लिही."

"बोजा आपण काढायचा?"

"मग कोण काढणार? बिनआकड्याचं निवेदन फाइलीत झोपतं."

नाना इतका वेळ गप्प होते. "वीज राहू दे. खरेदीदारांकडं अडकलेल्या बिलांच्या पैशाचं काय?"

यावर खरी जुंपली. एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायदा २००६ प्रमाणं सूक्ष्म-लघु पुरवठादाराचं बिल भागवायला लेखी करार असला तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसला तर १५. त्यापुढं रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. वर २०२३ च्या वित्त कायद्यानं आयकर कायदा १९६१ मध्ये कलम ४३-बी(एच) आणलं : सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला करात त्या खर्चाची वजावट नाही.

"मग तक्रार कशाची?" फाउंड्रीवाला.

"भोक आहे त्यात," सीए म्हणाला. "एप्रिलचं बिल फेब्रुवारीत दिलं तरी वजावट शाबूत, कारण वर्ष संपायच्या आत दिलं. म्हणून तगादा फक्त मार्चमध्ये मानला जातो. शिवाय मध्यम उद्योग यात नाहीत, तेव्हा मोठा खरेदीदार ऑर्डर तिकडं वळवतो."

"नाना, हे दिल्लीला जाईल," वकील म्हणाला. "पण व्याजाचा दावा चालतो तो याच कायद्याखालच्या एमएसएमई सुविधा परिषदेसमोर, आणि ती नेमतं राज्य सरकार. कायद्यात निकालाला ९० दिवस. निकालाला आव्हान द्यायचं तर खरेदीदारानं आधी ७५ टक्के रक्कम भरायची. दात आहेत, पण बैठका वेळेवर झाल्या तर. म्हणून 'बैठकांचं वेळापत्रक जाहीर करा' ही मागणी मुंबईला."

"आणि आपली माणसं?" सीएनं टोचलं. "बिलावर उद्यम क्रमांक (एमएसएमई नोंदणीचा) नाही, डिलिव्हरी चलानावर माल पोचल्याची तारीख-सही नाही. दावा तिथंच लंगडतो."

फाउंड्रीवाल्यानं पेन काढलं. दिल्लीचा कागद वेगळा, नोव्हेंबरात, कारण अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला. मुंबईचा मार्चच्या अधिवेशनाआधी. जीएसटीची मागणी दोन्हींत, कारण जीएसटी परिषदेत राज्यांचं मतमूल्य दोन तृतीयांश असतं. खोडता खोडता सहा उरल्या.

"आणि गेटासमोरचा खड्डा?" नानांनी विचारलं.

"त्याला मंत्री कशाला? एमआयडीसीच्या कार्यकारी अभियंत्याला अर्ज द्या, फोटोसकट."