गाईच्या चिकाच्या कॅप्सूलने क्षय बरा होत नाही

माझ्या जाऊबाईंचा मुलगा सध्या क्षयाच्या गोळ्या घेत आहे, आणि नेमका त्यांच्याच फोनवर ‘ट्रान्सफर फॅक्टर’च्या कॅप्सूलचा संदेश येऊन पोहोचला. अमेरिकेतील डॉ. लॉरेन्स यांनी पांढऱ्या पेशींच्या अर्काने एकाची क्षयाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्यात उतरवली, तोच घटक आता गाईच्या चिकातून मिळतो, शोध नोबेल विजेत्याचा आहे, आणि कॅप्सूल सुरू केल्यावर ‘केमिकलच्या गोळ्या’ हळूहळू बंद करता येतात, असे त्यात म्हटले आहे.

सर्वांत घातक मुद्दा क्षयाचा आहे. न्यूयॉर्कच्या हेन्री शेरवूड लॉरेन्स यांचे प्रयोग खरे आहेत. 1949 मध्ये त्यांनी पांढऱ्या पेशी टोचल्या आणि 1955 मध्ये त्या पेशी फोडून काढलेला अर्क. परंतु दुसऱ्या माणसात जे उतरले ते ट्युबरक्युलिनला, म्हणजे क्षयाच्या जंतूंपासून काढलेल्या प्रथिनांच्या द्रवाला, त्वचेने दिलेला प्रतिसाद होता. मॉन्टू टेस्ट करून घेतलेल्यांना तो ठाऊक असतो: हाताच्या आतल्या बाजूला कातडीत थेंबभर द्रव टोचतात आणि दोन-तीन दिवसांनी तिथे उठलेली कडक गांधी पट्टीने मोजतात. शरीराला क्षयाच्या जंतूंची ओळख आहे एवढेच ती गांधी सांगते. प्रत्यक्ष क्षय झालेल्या बहुतेक रुग्णांच्या हातावरही ती उठते, मग तिला संरक्षण कसे म्हणायचे? नेहमीच्या क्षयावर सहा महिन्यांचा औषधोपचार आहे, तो सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो, आणि मध्येच सोडल्यास जंतू औषधांना दाद देईनासे होऊ शकतात. हे ठाऊक असूनही गोळ्या बंद करायला सांगणे हा अपराध आहे.

चिकाचे म्हणाल, तर गाईच्या वारेतून प्रतिपिंडे (जंतूंशी लढणारी प्रथिने) गर्भाला मिळत नाहीत, म्हणून वासराला पहिल्या काही तासांत चीक पाजावाच लागतो. साधारण चोवीस तासांनंतर त्याचे आतडेही ती अखंड शोषून घेत नाही. मोठ्या माणसाच्या पोटात चिकातील प्रथिने अन्नासारखीच पचतात. विक्रेते म्हणतात, हा घटक प्रतिपिंड नसून फार लहान रेणू आहे. पण तो रेणू नेमका कोणता, हे आजवर सर्वमान्यपणे ठरलेले नाही.

नोबेल लॉरेन्स यांना मिळालेले नाही. गिनीपिगमध्ये जिवंत पेशींद्वारे त्वचेची संवेदनशीलता उतरवून दाखवणाऱ्या लँडस्टायनर यांना ते 1930 मध्ये मिळाले, पण रक्तगटांसाठी.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. रक्ताचा कर्करोग असलेल्या मुलांवरील 1980 मधील एका चाचणीत कांजिण्यांशी संपर्क आलेल्यांपैकी अर्क मिळालेल्या 16 मुलांत एकालाच, तर न मिळालेल्या 15 पैकी 13 जणांना कांजिण्या झाल्या. मात्र तो अर्क कांजिण्या होऊन गेलेल्या माणसांच्या पांढऱ्या पेशींचा होता आणि तो टोचून दिला होता. पुढे कांजिण्यांपासून संरक्षणासाठी रूढ झाली ती लस, हा अर्क नव्हे.