मांडूच्या वाटेवर चार गोब्लिन

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम घरच्यांना शिकवायला बसलं की पहिला प्रश्न हमखास येतो, "यात जिंकतं कोण?" कुणीच नाही, असं सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो, ते मी बँकेतून निवृत्त झालेल्या मामांच्या चेहऱ्यावर फार जवळून पाहिलंय. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही, पैसे लावायचे नाहीत आणि संपणार केव्हा तेही ठरलेलं नाही. "मग याला खेळ कशाला म्हणायचं? ही तर सोसायटीची मीटिंग झाली," मामा म्हणाले.

खेळ होता डंजन्स अँड ड्रॅगन्स. हल्लीच्या पोरांचं हे मोबाइलवरचं खूळ असणार, असं मामांनी धरूनच ठेवलं होतं. म्हणून आधी सनावळी सांगितली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी 1974 साली हा बाजारात आणला, तोही कागद, पेन्सिल आणि फाशांवर चालणारा. पहिल्या खेपेला खोकी काढली 1000. ही मूळची सोंगट्यांची सैन्यं मांडून लढाया खेळणारी मंडळी. त्यांनी एकेकाच्या हाती अख्ख्या पलटणीऐवजी एकच गडी दिला आणि त्या गड्याला नावगाव दिलं. "चौऱ्याहत्तर," मामा म्हणाले, "म्हणजे माझ्या नोकरीच्याही आधीचा." तिथून त्यांचा आवाज जरा नरमला. आमच्याकडे ज्येष्ठतेला मान आहे.

नियमांचं पुस्तक मी कपाटातच ठेवलं होतं. तीनशेवर पानांचा तो ठोकळा टेबलावर दिसता, तर वहिनीला तत्क्षणी कुकर लावायचा आठवला असता. माझं तर ठाम मत आहे की नवख्याला नियम सांगूच नयेत. पात्रं आपणच तयार करून हातात द्यावीत, प्रसंग सांगावा आणि विचारावं, "आता तुम्ही काय करता?" त्यानं काहीतरी सांगितलं की वीस बाजूंचा फासा टाकायला लावायचा, पात्राच्या कागदावरचा आकडा त्यात मिळवायचा, आणि बेरीज ठरलेल्या आकड्याला पोचली की काम फत्ते. सुरुवातीला एवढं पुरतं.

मामांना योद्धा दिला, मावशीला जादूगार, वहिनीला चोर आणि दादाला जखमा बऱ्या करणारा पुजारी. दादा संध्याकाळभर फोनवर मॅच बघत होता, त्यामुळे तो आता या लेखात पुन्हा येणार नाही.

मामांनी चष्मा कपाळावर चढवून फासा डोळ्यांपाशी नेला. वीसच्या पाठीला एक, एकोणिसच्या पाठीला दोन, बेरीज दर वेळी 21. दहाच्या दहा जोड्या तपासून झाल्यावरच तो खाली ठेवला. चार बाजूंचा फासा मात्र त्यांनी साफ नामंजूर केला, कारण तो पडला की वर टोक येतं. "याचं दान वाचायचं कुठे? ऑडिटमध्ये हे चालणार नाही."

या खेळातली साहसं बहुधा एखाद्या गुत्त्यात सुरू होतात. बिअरचे पेले, कोपऱ्यातला गूढ इसम वगैरे. इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या दिवाणखान्यात मावशी समोर बसलेली असताना मी हे वर्णन करणार नव्हते. त्यामुळे आमचं साहस इंदूरच्याच रात्रीच्या सराफ्यात सुरू झालं. सोन्याचांदीची दुकानं बंद होऊन ठेले लागलेत, गराडू तळले जातायत, आणि तिथे एक म्हातारा यांना गाठून सांगतो की मांडूला जहाज महालाजवळच्या बुजलेल्या बावडीत खजिना आहे. "आता तुम्ही काय करता?"

"धारवरून जायचं की मानपूरवरून?" मामांनी विचारलं.

झालं. रस्ता कुठला चांगला, कुठे काम चाललंय, मागे अमक्याच्या गाडीचं काय झालं. गाड्या नाहीत, घोडे आहेत, असं मी मध्येच सांगून पाहिलं. त्यानं चर्चा आटोपण्याऐवजी फोफावली. शंभरेक किलोमीटर, म्हणजे घोड्यांवरून एका दिवसात होत नाही, म्हणजे मुक्काम आला. मुक्काम म्हटल्यावर मावशी सरसावली. बरोबर काय न्यायचं?

"कागदावर दहा दिवसांची शिदोरी लिहिलीय की," मी म्हणाले.

"कसली?"

"कोरडी."

"कोरडी म्हणजे? शेव-परमल? दहा दिवस?" मावशीनं पेन्सिल घेतली आणि जादूगाराच्या कागदावर, मंत्रांच्या यादीखाली, दशम्या, तिळाची चटणी आणि लिंबाचं लोणचं लिहून टाकलं. वहिनी म्हणाली, वर गेल्यावर दाल-पानिये मिळतीलच, आणि येताना मांडूची इमली आणू. खजिन्याचं नाव कुणी काढेना.

शेवटी मी गोब्लिन, म्हणजे या खेळातले बुटके, दुष्ट राक्षस आणले, ते अगतिक होऊनच. माझ्याकडे सोंगट्या नव्हत्या, म्हणून चार खारे शेंगदाणे मांडले. वाट अडवून उभे राहिलेले चार गोब्लिन. मामा, तुमच्या हातात तलवार आहे. गोब्लिनच्या चिलखताचा आकडा 15, तुमच्या कागदावर अधिक 5, म्हणजे फाशावर 10 किंवा वर काहीही चालेल.

मामांनी डोळे मिटून हिशेब केला. "वीसपैकी अकरा दानं आपली. पंचावन्न टक्के." मग डोळे उघडले. "एवढ्या रिस्कवर मी जन्मात कर्ज मंजूर केलं नाही." आणि तलवार म्यानातच राहिली.

तेवढ्यात मावशीनं निद्रामंत्र टाकला. कागदावर तो एकच मंत्र तिला पटला होता. 2014 च्या नियमांत यासाठी आठ बाजूंचे पाच फासे टाकतात. बेरीज येईल तेवढ्या प्राणशक्तीचे जीव झोपतात. मावशीचे आले 26. एका गोब्लिनची शक्ती 7, तेव्हा तीन आडवे झाले, उरलेल्या 5 मध्ये चौथा काही बसेना. झोप मिनिटभराचीच, उरकून घ्या, मी सुचवलं.

"उरकून म्हणजे?" मावशीनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "झोपलेल्यांवर हात टाकायचा? अश्वत्थाम्यानं टाकला होता. अजून हिंडतोय नर्मदेकाठी, कपाळाला तेल मागत."

यावर माझ्याकडे नियम नव्हता.

इकडे मामा जाग्या गोब्लिनला सामोरे गेले होते. "क्यों भिया, कहाँ के हो?" नियमांप्रमाणे गोब्लिनांची स्वतःची भाषा असते. पण घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी ही इंदूरच्या मराठी माणसाची हाडीमाशी खिळलेली सवय आहे, आणि गोब्लिन निःसंशय उंबऱ्याबाहेरचा. माझ्याही तोंडून आपसूक गेलं, "धार के हैं, भिया. आगे जाना हो तो पचास मोहरें लगेंगी."

"पचास? पिछले हफ्ते तो दस थे!"

ही शुद्ध थाप होती, तेव्हा फासा टाकणं आलं. योद्ध्याचा करिश्मा 8, म्हणजे दानातून एक वजा. हा आकडा मामांना चांगलाच लागला, पण दान 19 पडलं. 18 ला गोब्लिन काय, आमचे नळवालेसुद्धा भाव उतरवतात. सौदा दहावर तुटला.

आता जे घडलं ते सविस्तर सांगायला हवं. घासाघीस चालू असताना वहिनीनं माझ्याकडे एक चिठ्ठी सरकवली होती. "मामांची थैली मारते." मी डोळ्यांनी हो म्हटलं, तिनं हळूच फासा टाकला. 18, वर चोराचे 5. मामांनी मान वळवून पाहिलं. "हे अठरा कसलं पडलं?"

"मामा, तुमच्या थैलीत काही नाहीये," मी म्हणाले.

दिवाणखान्यात शांतता. वहिनी म्हणजे मामांना ताटावर कधी गार पोळी वाढलेली नाही अशी सून, आणि मामा म्हणजे तिचे मामेसासरे.

"पण मला दिसलं ना आत्ता!"

"तुम्हाला दिसलं. तुमच्या योद्ध्याला नाही. तो गोब्लिनशी बोलतोय."

नवखा अडतो तो इथे. बेरजा सगळ्यांना जमतात. खुर्चीवर आपण बसलोय आणि मांडूच्या वाटेवर दुसराच कुणी उभा आहे, आपल्याला जे कळलं ते त्याला कळलेलं नाही, हे पचवणं कठीण जातं. मामांचा योद्धा शेवटपर्यंत बँकेतच होता, मावशीचा जादूगार स्वयंपाकघरात. एकटी वहिनी पहिल्या मिनिटापासून चोर होती, आणि चोरी पकडली गेली तरी चेहऱ्यावर सत्यनारायणाच्या पूजेला बसल्याचा भाव. "मी नाही हो मामा, त्या चोरानं," ती म्हणाली. मावशी मान हलवत म्हणाली, "मनात एक नि तोंडावर एक, हे सुनांना शिकवावं लागत नाही."

मामा काही बोलले नाहीत. संतापून त्यांनी समोरचा शेंगदाणा उचलला आणि तोंडात टाकला. तो चौथा गोब्लिन होता.

मग तासभर वाद. गोब्लिनमागे अनुभवाचे 50 गुण मिळतात, तेव्हा खाल्लेल्याचे मिळावेत की नाही? मामांचं म्हणणं, मिळावेत, आणि सगळे मलाच. झोपलेले तिघे दरम्यान उठून पळाले, असं मी जाहीर केलं. मावशीनं त्यांना दशम्या बांधून दिल्या.

पुढची तारीख अजून ठरायची आहे. शनिवारी मावशीचं भजनी मंडळ, रविवारी कुणाचं तरी केळवण, त्याच्या पुढच्या शनिवारी सानंद या इथल्या मराठी संस्थेचं नाटक. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप मात्र झालाय. त्यात काल रात्री मामांचा मेसेज आला: "विषय: योद्ध्याच्या थैलीतील 12 सुवर्णमुद्रांच्या अपहाराबाबत. सात दिवसांत लेखी खुलासा अपेक्षित." खाली वहिनीचं उत्तर: "चोर सध्या दीर्घ रजेवर आहे, मामा. तुमच्यासाठी साबुदाणा भिजवू का उद्या?"