कोर्ट फी दारातच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. महाराष्ट्रातल्या कोर्ट फीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही मनापासून लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : फी वाढली ते बरंच झालं, उठसूट दावे ठोकणाऱ्यांना चाप बसतो, दोघांच्या भांडणाचा खर्च करदात्यांनी का उचलायचा, आणि गरिबाला वकील नि फी दोन्ही फुकट मिळतं, मग तक्रार कसली?

आधी तुमचं जे पटलं ते. जानेवारी २०१८ पासून फीची कमाल मर्यादा ३ लाखांवरून १० लाखांवर गेली, यावर मी नको तेवढा भर दिला. तिथवर पोचणारे दावे कोट्यवधींचे असतात. तालुका कोर्टात येणाऱ्याच्या खिशाला लागते ती दाव्याच्या रकमेवर चढत जाणारी फी, आणि ती मी दोन ओळींत उरकली. ही चूक माझी.

पण त्या फीने नेमकं कोण अडतं, ते मी वकिलीत रोज बघतो. एक गवंडी आले होते. बंगला बांधून दिला, मजुरीचे चार लाख अडकलेले. हिशोबाची वही प्लास्टिकच्या पिशवीत, ओल्या बोटांनी पानं चिकटलेली. कारकुनाने फीचा आकडा सांगितला तशी त्यांनी वही परत पिशवीत घातली, गाठ मारली आणि म्हणाले, "सुगीनंतर येतो, साहेब." आले ते मुदत उलटल्यावर. अशा पैशाच्या दाव्याला तीन वर्षं असतात. दावा खरा होता, तरी दाखलच झाला नाही.

फुकट मदतीचं म्हणाल, तर ती आहे आणि चांगली आहे. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना, कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. पण या गवंड्यांसारखा, उत्पन्नाच्या मर्यादेच्या जरासा वर असलेला माणूस कुठे बसतो? नादार, म्हणजे फी भरायची ऐपत नसलेला, म्हणून दावा लावायचा तर वेगळा अर्ज, चौकशी, समोरच्याची हरकत. गावात ज्याची पत चांगली आहे, त्याला भर कोर्टात 'मी नादार' म्हणणं किती जड जातं, ते मी पाहिलंय.

करदात्यांबद्दल एवढंच : न्याय विकत देणं कल्याणकारी राज्याला शोभत नाही, हे विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालातच सांगून ठेवलंय. ते मला आजही पटतं.

आता तुमचा मूळ मुद्दा, खोटे दावे. त्यांचा मलाही तुमच्याइतकाच संताप आहे. पण फी दावा दाखल करताना भरायची असते, तेव्हा खरा-खोटा कोण हे कुणालाच माहीत नसतं. खोट्याला दंड व्हायला हवा तो निकालाच्या वेळी. त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ३५-अ आहे. खोट्या किंवा त्रास देण्यासाठी केलेल्या दाव्याबद्दल समोरच्याला जास्तीत जास्त किती भरपाई देता येते? ३,००० रुपये. १९७६ च्या दुरुस्तीत ठरलेला आकडा. मोठ्या व्यापारी दाव्यांपुरती ही मर्यादा २०१५ मध्ये काढून टाकली. आमच्या तालुक्याच्या कोर्टात मात्र ती अजून तशीच आहे.

ती उठवा अशी मागणी तुम्ही करणार असाल, तर निवेदनावर पहिली सही माझी.