‘पत्र्याचे खेळणे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

टेक्सासात रोज जवळ बाळगण्यासाठी मी स्मिथ अँड वेसन कंपनीच्या पोलादी ‘६४०’ रिव्हॉल्व्हरऐवजी अ‍ॅल्युमिनिअम मिश्रधातूच्या फ्रेमचे ‘६४२’ का निवडले, या माझ्या लेखावर आपण लिहिता : “हे पत्र्याचे खेळणे आहे. धक्का जास्त, नेम कमी, आणि फ्रेम तडकते. भट्टीचे तोंड न पाहिलेल्यांनी धातूंवर लिहू नये.” मतभेदाला माझी हरकत नाही, पण अनोळखी माणसाला पहिल्याच ओळीत असे सुनावण्याची रीत कोणत्या गावची, ते कळले तर बरे होईल.

भट्टीचेच म्हणाल, तर उमेदवारीची वर्षे मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकामात काढली आहेत. साच्याच्या वाळूत ओल राहिली की अ‍ॅल्युमिनिअमचा नग वरून गुळगुळीत आणि आतून जाळीदार निघतो, हे मला पुस्तकाने शिकवलेले नाही. म्हणूनच ‘पत्रा’ हा शब्द विशेष खटकला. ६४२ ची गोळी जिच्यातून जाते ती नळी आणि काडतुसे बसतात ते सिलिंडर, दोन्ही पोलादाचीच असतात. मिश्रधातूची असते ती त्यांना धरून ठेवणारी फ्रेम. १९५० च्या दशकाच्या आरंभी कंपनीने एअरवेटचे, म्हणजे आपल्या हलक्या मिश्रधातूच्या फ्रेमच्या रिव्हॉल्व्हरांचे, सिलिंडरही अ‍ॅल्युमिनिअमचे करून पाहिले, ते पुरेसे मजबूत ठरले नाही आणि लवकरच पोलादी सिलिंडर आले. आपण ऐकलेल्या कथा बहुधा त्या काळातल्या असाव्यात.

फ्रेमला तडा जातो तेव्हा तो सहसा नळी फ्रेममध्ये जिथे फिरवून बसवलेली असते त्या आट्यांखाली जातो, कारण तिथे धातू सर्वांत पातळ असतो. सिलिंडर बाजूला काढून, उजेडात भिंग धरले की ती केसाएवढी रेघ दिसते. प्रत्येक साफसफाईच्या वेळी मी तिथे पाहतो. आपण कधी पाहिले आहे का, की भट्टीवर व्याख्यान देण्यातच वेळ गेला?

धक्क्याचा किरकोळ मुद्दा मान्य करतो. ६४० चे वजन सुमारे ६२५ ग्रॅम आणि ६४२ चे सुमारे ४१० असल्यामुळे तेच काडतूस हलक्या हत्यारातून झाडले तर धक्क्याची ऊर्जा साधारण दीडपट होते, आणि प्लस पी, म्हणजे जास्त दाबाच्या, काडतुसांनी अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी लाल होते. नेमाचा प्रश्न सरावाचा आहे. त्यात शिरत नाही.

माझ्याकडे ६४० होतेच. ह्यूस्टनच्या ऑगस्टमध्ये पातळ सुती विजारीचा खिसा त्याने ओढला जाई, म्हणून ते हळूहळू गाडीच्या कप्प्यात राहू लागले, आणि तिथले रिव्हॉल्व्हर गाडीची काच फोडणाऱ्या चोराच्याच उपयोगाचे. ६४२ चाप झाकणाऱ्या म्यानासह खिशात राहते. आपल्या पाहण्यात खरोखरच एखादी फ्रेम तडकली असेल, तर मॉडेल, काडतुसाचा प्रकार आणि झाडलेल्या गोळ्यांचा अंदाज कळवावा. त्याला मी सविस्तर उत्तर देईन. खेळण्यांविषयी पुन्हा लिहिलेत, तर देणार नाही.