गव्हर्नरचा माणूस? १७९० सालचं व्हर्जिनिया बघा

एक दावा सध्या जोरात फिरतोय: ‘अमेरिकेत सुरुवातीला पोटनिवडणूक नव्हतीच. प्रतिनिधी वारला की गव्हर्नर आपला माणूस बसवायचा, जागा एक दिवसही रिकामी राहत नसे. लोकांच्या मताची भानगड १९१३ नंतरची.’

आधी ‘नव्हतीच’चं बघू. प्रतिनिधिगृहातली जागा रिकामी झाली, तर राज्याच्या प्रमुखाने निवडणुकीचा आदेश काढायचा, असं मूळ राज्यघटनेतच लिहिलंय. या सभागृहात नेमणुकीला जागाच नाही. तेव्हा नव्हती, आजही नाही. १ जून १७९० रोजी व्हर्जिनियाचे थिओडोरिक ब्लँड न्यूयॉर्कमध्ये वारले. पदावर असताना मरण पावलेले प्रतिनिधिगृहाचे ते पहिले सदस्य. त्यांच्या जागी विल्यम जाइल्स हा तरुण वकील आला, तो निवडून येऊन.

मतदान कसं होई? कोर्टाच्या आवारात शेरीफसमोर उभं राहून मतदार उमेदवाराचं नाव मोठ्याने सांगायचा, कारकून ते वहीत उतरवायचा. बऱ्याचदा उमेदवार तिथेच बसलेला असे आणि मत देणाऱ्याचे आभारही मानी. चिठ्ठी नाही, गुप्तता नाही. आता ‘लोक’ म्हणजे जमीनजुमला असलेले गोरे पुरुष. बायकांना मत नव्हतं, गुलामांचा तर प्रश्नच नव्हता. पण गव्हर्नरची मर्जी ती ही नव्हे.

गोंधळ बहुधा सिनेटमुळे, म्हणजे अमेरिकी संसदेच्या दुसऱ्या सभागृहामुळे झालाय. तिथले सदस्य तेव्हा लोक नव्हे, राज्यांची विधिमंडळं निवडायची. त्याच वर्षी मार्चमध्ये व्हर्जिनियाचे सिनेटर विल्यम ग्रेसन वारले. विधिमंडळाचं अधिवेशन चालू नसल्याने गव्हर्नरने जॉन वॉकर यांना नेमलं, पण तात्पुरतं. नोव्हेंबरमध्ये विधिमंडळाने वॉकरना नाही, जेम्स मन्रोंना निवडलं (हेच पुढे राष्ट्राध्यक्ष झाले). एकच राज्य, एकच वर्ष, दोन मृत्यू आणि दोन वेगळ्या वाटा.

आणि १९१३? त्या वर्षीच्या १७व्या घटनादुरुस्तीने सिनेटर थेट लोकांकडून निवडले जाऊ लागले. गंमत म्हणजे राज्याच्या विधिमंडळाने मुभा दिली तर सिनेटवर तात्पुरती नेमणूक करायची सोय त्याच दुरुस्तीत आहे.

राहिलं ‘एक दिवसही रिकामी नसे’. जाइल्स सभागृहात बसले ७ डिसेंबरला, म्हणजे सहा महिन्यांनी. मधल्या काळात, जुलैमध्ये, देशाची राजधानी पोटोमॅक नदीच्या काठी न्यायचं विधेयक प्रतिनिधिगृहात ३२ विरुद्ध २९ मतांनी पास झालं. ब्लँड यांची खुर्ची तेव्हा रिकामीच होती.