तणनाशकाच्या एका फवाऱ्यात जमीन मरते?

उसाच्या आडसाली (पावसाळ्यातल्या) लागणी सुरू झाल्या की आपल्या कोल्हापूर भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो : 'तणनाशकाच्या एका फवाऱ्यात जमिनीतले सगळे जिवाणू मरतात, जमीन कायमची नापीक होते. आमचं कल्चर (जिवाणूंचं द्रावण) सोडा, तरच ती जिवंत होईल.'

'सगळे जिवाणू मरतात.' भीती अगदीच हवेतली नाही. ग्लायफोसेट हे तणनाशक वनस्पतीतलं जे एन्झाइम बंद पाडतं, ते बऱ्याच जिवाणूंत आणि बुरशींतही असतं. पण औषध मातीत पडलं की लोह-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांना आणि चिकणमातीला घट्ट धरून बसतं. गगनबावडा-राधानगरीकडच्या तांबड्या जांभ्या मातीत तर लोह भरपूर. शिफारशीच्या मात्रेत जिवाणूंची एकूण संख्या आणि मातीचं श्वसन (मातीतल्या जिवांच्या श्वासातून निघणारा कार्बन डायऑक्साइड) यांत सहसा फार फरक पडत नाही; पडलाच तर बहुतेक वेळा काही आठवड्यांत भरून निघतो. उसातलं नेहमीचं तणनाशक ॲट्राझीन तर काही जिवाणू चक्क खातात, त्यातला नायट्रोजन वापरतात. वर्षानुवर्षं तेच मारलेल्या रानात अशा जिवाणूंची संख्या वाढते आणि औषध लवकर संपतं. 'यंदा ॲट्राझीननं तण धरलंच नाही' या तक्रारीमागे कधीकधी हेच असतं, दुकानदाराची भेसळ नव्हे.

सगळंच आलबेल आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. सल्फोनिलयुरिया गटातली काही तणनाशकं अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना मंदावतात. ग्लायफोसेट आणि ॲट्राझीनमुळे गांडुळांना त्रास झाल्याचंही काही प्रयोगांत दिसलंय. आणि शिफारशीची मात्रा पाळतो कोण? लव्हाळा मरेना म्हणून पंपात टोपणभर जादा, सरीच्या टोकाला वळताना दुबार फवारा. तिथं वरचा हिशेब लागू होत नाही.

'कायमची नापीक.' शिरोळची क्षारपड रानं बघा. ती बिघडली पाटाच्या बेसुमार पाण्यानं आणि निचरा नसल्यानं, तणनाशकानं नव्हे. उसानंतर सोयाबीन पिवळं पडून जळालं तर ॲट्राझीनचा अंश उरलाय का, हे आधी तपासा. ते पीक औषधाला नाजूक आहे. त्यावरून जिवाणू संपल्याचा निष्कर्ष निघत नाही.

मजकुरात कॅन्सरही घुसडलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2015 मध्ये ग्लायफोसेटला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं, हे खरं. पण तो प्रश्न पंप पाठीवर घेणाऱ्या माणसाचा आहे. त्याला हातमोजे द्या.

राहिली त्या कल्चरची बाटली. माती एवढी विषारी झाली असेल, तर बाटलीतले जिवाणू तिथं जगणार कसे, याचं उत्तर मजकुरात नाही. ॲसिटोबॅक्टर, ॲझोटोबॅक्टर या जिवाणूंची बेणेप्रक्रिया (लागणीआधी बेणं त्यांच्या द्रावणात बुडवणं) जरूर करा, ती नत्रासाठी आहे. पण जिवाणूंना खायला सेंद्रिय कर्ब लागतो, आणि तो आपण दर तोडीनंतर पाचटाबरोबर पेटवून देतो.