सांडपाणी कुठे सोडणार?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या बारसूच्या नियोजित तेल रिफायनरीची बाजू घेणारा तुमचा लेख वाचला; ‘रोजगार मिळेल’ या एकाच खुंटीला तो टांगलाय. आम्ही घणसोलीचे आगरी. 1960 च्या दशकात आमच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात नाफ्थ्यावरचे (खनिज तेलातून निघणाऱ्या कच्च्या मालावरचे) कारखाने आले, तेव्हाही हेच सांगितलं होतं. नोकऱ्या मिळाल्या, खोटं कशाला बोलू! बाबांच्या पगारावरच घर उभं राहिलं. पण खाडीतली निवटी (चिखलातले छोटे मासे) शिजवायला घेतली की रॉकेलसारखा वास सुटायचा; आई अख्खं कालवण ओतून द्यायची. पुढे बाबांचा कारखानाही बंद पडला, आता तिथे काचेच्या कचेऱ्या आहेत. लेखात सांडपाण्यावर एक ओळ नाही. विचारणारा मात्र लगेच विकासविरोधी! एप्रिल 2023 मध्ये बारसूत रिफायनरीसाठीचं माती परीक्षण अडवायला उन्हात झोपलेल्या बायका हेच विचारत होत्या ना?